कुसूर घाटाच्या दगडी उतारावर चार पिस्टनचे ब्रेक : वर्षभराच्या वापरानंतर

शिमानो कंपनीचे डिओरे एम६१२० हे चार पिस्टनचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबाने चार दट्टे ढकलून चाकावरची तबकडी पकडणारे ब्रेक, मी गेल्या वर्षी माझ्या माउंटन बाइकला बसवून घेतले. ते कसे आहेत हे मुंबईच्या रस्त्यांवर फिरून सांगता आले नसते. लाल बहादूर शास्त्री मार्गावर सिग्नलला थांबण्यासाठी कोणताही बरा ब्रेक पुरतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये मावळातून कोकणात उतरणारा कुसूर घाट उतरून येईपर्यंत मी लिहिण्याचे थांबलो होतो.

आमचा बेत दोन दिवसांचा होता. पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला मुलुंडहून निघून पनवेल, खोपोली, शिंगरोबाची चढण आणि लोणावळा करत कामशेतला मुक्काम केला. हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरले. दुसऱ्या दिवशी कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुकमार्गे आंदर मावळात शिरलो, ठोकळवाडी धरणाच्या जलाशयाला धरून कुसूर गावापर्यंत गेलो आणि तेथून कोकणात भिवपुरीला उतरलो. म्हणजे खरा अवघड उतार आला तो दीड दिवस हँडल धरून खांदे आणि मनगटे आंबल्यानंतर. लांब पल्ल्याच्या फेरीसाठी ब्रेक निवडताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची मानावी असे माझे ठाम मत आहे. ब्रेक किती जोरात थांबवतो यापेक्षा, थकलेल्या हाताकडून तो किती ताकद मागतो हे आधी पाहायला हवे.

दोन वर्षांपूर्वी हाच घाट मी तारेच्या डिस्क ब्रेकवर उतरलो होतो. एका पावसाळ्यात तारेच्या आवरणात चिखल आणि गंज शिरल्यामुळे लिव्हर (ब्रेक दाबायचा दांडा) जड झाला होता आणि वेग आवरण्यासाठी प्रत्येक हाताची तीन-तीन बोटे लागत होती. लिव्हरवर तीन बोटे गेली की हँडलला धरून राहतात ती फक्त करंगळी आणि अंगठा, आणि दगडावरून चाक उसळले की हँडल हातातून निसटू पाहते. घाटाच्या मध्यावर माझी बोटे मिटेनाशी झाली आणि उरलेला उतार मला सायकल हाताने धरून उतरावा लागला.

कुसूर घाटाची वाट जुनी आहे. काही ठिकाणी मोठाल्या दगडांची फरसबंदी टिकून आहे, काही ठिकाणी पावसाच्या पाण्याने ती उखडून दगड सुटे झाले आहेत. सह्याद्रीचा हा काळा बेसाल्ट कोरडा असताना टायरला चांगला धरतो, पण वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या दगडावर वाळलेली पाने आणि बारीक मुरूम साचला की चाक घसरायला वेळ लागत नाही. घाटमाथ्यावर गुरे घेऊन निघालेल्या एका आजोबांनी आम्हाला थांबवून सांगितले, “दादा, पुढं लय धोंडे हायेत, उतरून चालत जावा.” सल्ला योग्यच होता. पहिला टप्पा आम्ही आधी पायी उतरून वाट पाहून घेतली आणि मगच पुन्हा वर जाऊन सायकलवर बसलो.

निघण्यापूर्वी मी सीट चार बोटे खाली घेतली आणि टायरमधील हवा तीस पीएसआयवर आणली. माझे वजन ७२ किलो आहे, टायर सव्वादोन इंची आहेत आणि आत ट्यूब आहे. हवा याहून कमी ठेवली तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चेपून तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडण्याची भीती असते, आणि जास्त ठेवली तर सायकल प्रत्येक दगडावर चेंडूसारखी उसळते.

घाटाच्या वरच्या अंगाला एक डावे वळण आहे. तेथे गुडघाभर उंचीच्या दोन पायऱ्या एकीखाली एक अशा आहेत, त्यांच्यामध्ये सायकलच्या लांबीइतकीच सपाटी आहे आणि तिच्यावर सुटी खडी पसरलेली आहे. ब्रेकची खरी कसोटी येथे लागते. पहिल्या पायरीच्या आधी, चाके अजून घट्ट दगडावर असताना, वेग माणसाच्या चालण्याइतका कमी करावा लागतो. पुढचे चाक खाली उतरताना पुढचा ब्रेक सैल सोडावा लागतो, नाहीतर चाक अडून माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. आणि मधल्या खडीवर पुन्हा इतकाच दाब द्यावा लागतो, की वेग वाढू नये पण मागचे चाकही जाम होऊन घसरू नये. हे सगळे दोन-तीन सेकंदांत घडते. पॅडल समपातळीत, टाचा खाली, कंबर सीटच्या मागे आणि नजर चाकाखालच्या दगडावर न ठेवता पुढच्या पायरीवर, एवढे सांभाळत असताना ब्रेकचा विचार करायला डोक्यात जागा उरत नाही. हे ब्रेक येथे माझ्या मनासारखे वागले. दोन्ही हातांची केवळ तर्जनी लिव्हरच्या टोकावर होती, उरलेली तीन बोटे आणि अंगठा हँडलला घट्ट धरून होते. पॅड (ब्रेकचे घासणारे तुकडे) रोटरला, म्हणजे चाकावरच्या तबकडीला, टेकल्यावर बोटाच्या पेराला जो ताण जाणवतो, तो वाढवत किंवा उतरवत नेला तसा वेग कमी-जास्त झाला. मधल्या खडीवर मागचे चाक एकदा किंचित सरकले, मी बोट केसभर ढिले केले आणि ते पुन्हा रुळावर आले. तारेच्या ब्रेकवर इतका बारीक फरक मला कधीच साधला नव्हता.

या घाटात पाचशे मीटरांच्या आसपास उंची उतरायची असते. मी, सायकल आणि सामान मिळून ९२ किलो वजन एवढे खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सव्वा लिटरहून अधिक पाणी उकळीला आणू शकेल. वेग कमी ठेवून उतरले की तिचा मोठा भाग पॅड आणि रोटर तापवण्यातच जातो. म्हणून मी पुढे २०३ मिलिमीटरचा आणि मागे १८० मिलिमीटरचा रोटर घेतला. मोठा रोटर त्याच दाबात अधिक रोध देतो आणि उष्णताही लवकर सोडतो. अर्ध्या वाटेवर थांबून मागच्या रोटरवर बाटलीतले थेंबभर पाणी टाकले, ते चर्रकन उडून गेले. तरीही लिव्हर पहिल्याइतक्याच अंतरावर घट्ट लागत होता. माझा सोबती तारेच्या ब्रेकवर होता. बोटे मोकळी करण्यासाठी त्याला चार वेळा थांबावे लागले. मी त्याच्यासाठी थांबलो, माझ्या हातांसाठी थांबण्याची वेळ आली नाही.

मुंबईकरांनी या ब्रेकचा विचार करावा याला आणखी एक कारण आहे. यात खनिज तेल वापरतात. काही ब्रेकमध्ये मोटारगाड्यांसारखे डॉट द्रव असते, ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. आपल्या दमट हवेत खनिज तेलाचा हा फायदा लहान नाही. मात्र या ब्रेकमध्ये चुकूनही डॉट द्रव भरू देऊ नये, त्याने आतील रबरी सील खराब होतात. ब्लीडिंग (ब्रेकमधील हवा काढून तेल भरण्याचे काम) करणाऱ्याला बाटली दाखवायला सांगावी.

दुरुस्तीच्या बाबतीत मला एक वाईट अनुभव आला आणि तो सांगणे आवश्यक आहे. सर्व्हिसिंगसाठी सायकल एका दुकानात दिली असता तेथील मुलाने साखळीवर तेलाचा स्प्रे मारताना मागचा रोटर झाकला नाही. परत येताना ब्रेक किंचाळू लागला आणि लिव्हर पूर्ण दाबूनही सायकल थांबेना. एका बसचालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून निभावले. तेल प्यायलेले पॅड घासून भागत नाही. ते टाकून द्यावे लागले आणि रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागला. डिस्क ब्रेकजवळ स्प्रे मारू नये ही साधी गोष्ट दुकानदाराने आपल्या माणसांना शिकवायलाच हवी, कारण येथे प्रश्न गिऱ्हाइकाच्या जिवाचा आहे. तेव्हापासून साखळीला मी घरीच कापडावर घेतलेले तेल लावतो.

नवे पॅड बसवल्यावर मी पहाटे रिकाम्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेग घेऊन, चाक जाम न करता वेग उतरवण्याची वीसेक आवर्तने केली. हे केल्याशिवाय नवा पॅड रोटरला नीट धरत नाही, म्हणून घाटाच्या आदल्या दिवशी पॅड बदलू नयेत. पॅड दोन प्रकारचे मिळतात. रेझिनचे शांत असतात, पण पावसाळी चिखलात लवकर झिजतात. धातूचे टिकतात आणि उष्णता अधिक सोसतात, पण आवाज करतात आणि केवळ रेझिनसाठी बनवलेल्या रोटरवर चालत नाहीत. मी घाटासाठी धातूचे वापरतो. चार पिस्टनच्या कॅलिपरचे (पिस्टन आणि पॅड ज्यात बसतात त्या भागाचे) पॅड दोन पिस्टनच्या पॅडपेक्षा लांब असतात आणि गल्लीतल्या दुकानात सहसा मिळत नाहीत, त्यामुळे एक जोडी नेहमी पिशवीत ठेवावी.

खर्च बेताचा नाही. रोटर आणि मजुरीसह माझ्या सायकलच्या किमतीचा पाचवा हिस्सा त्यात गेला. ज्यांची फेरी आरे कॉलनीपासून मरीन ड्राइव्हपर्यंतच असते त्यांना दोन पिस्टनचे ब्रेक पुरतील, ते हलकेही असतात. सह्याद्रीच्या जुन्या घाटवाटा सायकलवर उतरायच्या असतील तर मी चार पिस्टनचेच घ्यायला सांगेन, आणि तेही पावसाळा संपून दगडावरचे शेवाळ वाळल्यावरच उतरायला सांगेन. भिवपुरी रोड स्थानकाजवळ चहा घेताना मी कप एका हाताने उचलला आणि तो थरथरला नाही.