कीकॅप प्रोफाइल: सात-आठ महिने मराठी टायपिंग करून काय वाटलं

सोलापुरात डीटीपीचं काम करतो, लग्नपत्रिका, नोटिसा, संस्थांचे अहवाल, सगळं इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांच्या कीबोर्ड मांडणीत. मेकॅनिकल कीबोर्ड घेऊन सात-आठ महिने झाले. लोक स्विचवर, म्हणजे प्रत्येक कीखालच्या खटक्यावर, लै बोलतात पण बोटांना दिवसभर लागतो तो कीकॅपचा, म्हणजे कीवरच्या प्लास्टिकच्या टोपीचा आकार, त्यालाच प्रोफाइल म्हणतात, आणि मराठी टाइप करणाऱ्याने ते इंग्रजी रिव्ह्यू बघून ठरवू नये असं माझं मत झालंय.

बोर्डासोबत ओईएम प्रोफाइल आलं, बऱ्याच बोर्डांवर हेच असतं. प्रत्येक ओळीची उंची आणि उतार वेगळा. आकाराबद्दल तक्रार नाही, पण प्लास्टिक एबीएस जातीचं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे, पंखा गरम हवाच फेकतोय, बोटं घामेजलेली, त्यात मधेच शेंगाचटणी-भाकरी, मग क, त, र आणि काना या कीज तेल लावल्यासारख्या चकाकायला लागल्या.

म्हणून पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकचा, एक्सडीए प्रोफाइलचा सेट घेतला. पीबीटी लवकर गुळगुळीत होत नाही, ते खरंच. एक्सडीएत सगळ्या ओळी एकाच उंचीच्या, वरचा भाग रुंद, दिसायला एक नंबर. इंग्रजीला मजा येते. पण इनस्क्रिप्टमध्ये ज्ञ, त्र, क्ष, श्र हे शिफ्ट धरून ५, ६, ७, ८ वर, म्हणजे आकड्यांची ओळ आपल्याला सारखी लागते, आणि ती उतार नसलेली असली की बोट दरवेळी ताणावं लागतं. उजव्या करंगळीचे तर हालच, ज, ड, च, ट, य सगळे तिच्याच गळ्यात! मोठा अहवाल संपेपर्यंत ती ठणकायची.

आता चेरी प्रोफाइल आहे, तेही पीबीटीच. ओईएमसारखाच ओळीओळीचा उतार पण एकूण बुटकं, त्यामुळे मनगट फार उचलावं लागत नाही आणि वरची ओळ आपसूक बोटाखाली येते. मी तरी आता बदलणार नाही. एसए प्रोफाइल एका मित्राकडे वापरून बघितलं, चांगलंच उंच, माथ्यावर गोल खळगा, आवाज काय घुमतो राव, पण मनगटाखाली आधार नसेल तर दिवसभराच्या कामाला नको.

चेरी घेताना बोर्डाचा एलईडी स्विचच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. वरच्या बाजूला, म्हणजे नॉर्थ फेसिंग असेल तर काही स्विचवर मधल्या ओळीचे कॅप स्विचच्या बॉडीला टेकतात आणि की दाबताना खट्ट लागते. ७५ टक्के लेआउट, म्हणजे नंबर पॅड नसलेला आटोपशीर बोर्ड असेल तर उजवा शिफ्ट बहुधा १.७५ यूचा, म्हणजे साध्या कीच्या पावणेदोनपट रुंद असतो, स्वस्त सेटमध्ये तो नसतोच कधीकधी. आणि उजव्या कडेच्या डिलीट, पेज अपवाल्या कीज त्या-त्या ओळीच्या उंचीच्या आहेत का तेही विचारून घ्या, एक्सडीएत कुठलीही कुठेही बसते, चेरीत तसं चालत नाही.