तेराव्या मात्रेवरची चुटकी: लेटन्सीमॉन सात महिने वापरल्यानंतर

"सर, तुमच्याकडे मधूनच कोणी चुटकी वाजवतं का?" एका विद्यार्थिनीच्या आईने विचारलं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. मी डोंबिवलीत संध्याकाळी हार्मोनियम शिकवतो. निम्मे विद्यार्थी समोर बसतात, निम्मे ऑनलाइन. त्या रात्री माझ्याच संगणकावर साठवलेलं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं आणि चुटकी मलाही सापडली. चट्. मग शांत. मग पुन्हा चट्.

संगणक नवाकोरा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग निवडून जोडून घेतलेला. त्यामुळे त्याच्यावर संशय यायला वेळच लागला. आधी यूएसबी केबल बदलली, मग पोर्ट, मग माइक. एका मित्राचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी डबी) आठवडाभर मागून आणला. दुकानदाराला फोन केला तर त्याचं उत्तर तयारच होतं: "फॉरमॅट मारून घ्या." तेही केलं. एक रविवार गेला, चुटकी जागेवर. टास्क मॅनेजर उघडावा तर सीपीयू पाच-सहा टक्क्यांवर निवांत पडलेला.

उलगडा केला तो माझ्या तबलजी मित्राने. त्याच्या रियाजासाठी मी सोळा मात्रांच्या तीनतालाचा लेहरा, म्हणजे तबल्यासाठी सतत फिरत राहणारी धून, रेकॉर्ड करून देत होतो, मेट्रोनोम लावून, बरोबर ६० च्या लयीत. ऐकता ऐकता तो म्हणाला, "अरे, हा तुझा चट् हिशेबात येतोय." एक समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडला होता. पुढचा चौथ्या आवर्तनात तेराव्या मात्रेवर, त्यानंतरचा नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीच्या जागी. मग पाचव्या. मग पुन्हा थेट समेवर. ६० च्या लयीत एक मात्रा म्हणजे एक सेकंद. चार आवर्तनांच्या ६४ मात्रा, त्यात चार कमी. म्हणजे दर मिनिटाला संगणकात काहीतरी जागं होत होतं. केबल खराब असती तर ती अशी घड्याळ लावून कुरकुरली नसती.

त्यानंतर लेटन्सीमॉन उतरवून घेतला. रेस्प्लेन्डन्स या कंपनीचं हे सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी फुकट आहे. वर प्लेचं बटण दाबायचं आणि संगणक नेहमीसारखा वापरत राहायचं. तो पट्ट्या रंगवत बसतो आणि तुमचा संगणक आवाजाच्या कामाला लायक आहे की नाही, हे एका वाक्यात सांगतो. माझा पहिल्या दहा मिनिटांतच नापास झाला.

तो नेमकं काय मोजतो हे समजून घेतल्याशिवाय त्याचा उपयोग नाही, म्हणून थोडं सांगतो. नेटवर्क कार्ड, ग्राफिक्स कार्ड, डिस्क अशा कोणत्याही भागाने हाक मारली की विंडोज हातातलं काम टाकून त्या भागाच्या ड्रायव्हरचं (तो भाग चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचं) तातडीचं काम उरकतं. त्याला आयएसआर म्हणतात. उरलेलं काम जरा मागे ठेवलं जातं, ते डीपीसी. गोम अशी की प्रोसेसरच्या एखाद्या कोअरवर डीपीसी चालू असताना तिथे कुठल्याही साध्या प्रोग्रामला पाऊल ठेवता येत नाही. तुमचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअरही त्या साध्यांतच मोडतं. म्हणून मायक्रोसॉफ्टने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मर्यादा घालून दिली आहे: आयएसआर २५ मायक्रोसेकंदांत संपावा, डीपीसी १०० मायक्रोसेकंदांत.

आता माझा हिशेब. मी सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाचे तुकडे) या रेटवर १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे आवाजाचा हाताशी ठेवलेला छोटा साठा, ठेवतो, कारण बोट पडल्यावर हेडफोनमध्ये सूर उशिरा आला तर वाजवताच येत नाही. १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पुढचा घास आला नाही की आवाज तुटतो. आणि लेटन्सीमॉनमध्ये माझा सर्वांत लांबलेला डीपीसी होता ३.९ मिलिसेकंदांचा. मिनिटातून एकदा चार मिलिसेकंद! टक्केवारी काढायला गेलात तर दशांशानंतर दोन शून्यं येतात. टास्क मॅनेजरला ते दिसणार कुठून?

ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये सगळ्यांची यादी येते. तिथे किती वेळा धावला याकडे बघू नका, सर्वांत लांब किती वेळ धावला त्या रकान्यावर क्लिक करून क्रम लावा. माझ्याकडे पहिलं नाव आलं एनडीआयएस डॉट सिस. आणि इथेच मी पहिला गाढवपणा केला. तीन रात्री त्या फाइलच्या मागे लागलो. एनडीआयएस ही विंडोजमधली नेटवर्कची सामाईक पायरी आहे, सगळी नेटवर्क कार्डं तिच्यातूनच जातात. पोस्टात रांग लागली म्हणून पोस्टमास्तरच्या नावाने बोटं मोडण्यातला प्रकार. ग्राफिक्ससाठी डीएक्सजीकर्नल, डिस्कसाठी स्टोरपोर्ट, यूएसबी आणि इतर बऱ्याच गोष्टींसाठी डब्ल्यूडीएफ०१०००, ही नावं वर दिसली तरी खरा गुन्हेगार बहुतेक वेळा त्यांच्या आडोशाला उभा असतो. लेटन्सीमॉन चौक दाखवतो. कुणाची गाडी बंद पडलीय ते आपणच जाऊन बघायचं. त्याहून खोलात जायचं तर मायक्रोसॉफ्टचे परफॉर्मन्स रेकॉर्डर आणि अॅनालायझर आहेत. मी एकदा उघडून आदराने बंद केले.

मी केलं ते असं. एक वही घेतली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन एका वेळी एकच गोष्ट डिसेबल करायची, पंधरा मिनिटं लेटन्सीमॉन चालू ठेवून लेहरा वाजवायचा, आकडा वहीत. ब्लूटूथ बंद: फरक नाही. वेबकॅम बंद: नाही. मदरबोर्डवरचा साउंड बंद: नाही. वायफाय कार्ड बंद केलं आणि आकडा ३,९०० वरून १८० मायक्रोसेकंदांवर आला. अर्धा तास तसाच ठेवला, हलला नाही. वायफाय आजूबाजूची नेटवर्कं ठरावीक अंतराने धुंडाळत असतं, आणि आमच्या इमारतीत भिंतीला कान लावला तरी चार राउटर सापडतील. त्या कार्डाचा ड्रायव्हर त्या धुंडाळण्यात अडून बसत होता. चिप बनवणाऱ्याचा नवा ड्रायव्हर टाकून पाहिला, आकडा निम्म्यावर आला, पण निम्मा म्हणजेही दोन मिलिसेकंद. शेवटी हॉलमधून लॅनची केबल ओढली. दाराखालून जाते, घरात सगळ्यांनी एकदा तरी तिला लाथ मारून झाली आहे.

चुटकी गेली. इथे मी थांबायला हवं होतं.

पण आकडा दिसायला लागला की तो आणखी खाली आणायची खुमखुमी येते. पुढचे दीड महिने मी १८० चे १०० करण्यात घालवले. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर टाकला, ते ठीक. एका क्लिकचं काम आणि उपयोगही होतो. मग बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) शिरून सीपीयूच्या झोपेच्या अवस्था, म्हणजे सी-स्टेट्स, बंद केल्या. आकडा थोडा उतरला खरा, पण प्रोसेसर झोपेनासा झाला, पंखा घोंघावायला लागला आणि माइकमध्ये आता तो पंखा यायला लागला! ऐकू न येणारी गोष्ट घालवून ऐकू येणारी घरात आणली. परत सगळं पूर्ववत केलं. बफर रिकामा पडत नसेल तर १८० आणि १०० यांत कानाला काहीही फरक नसतो.

पाचव्या महिन्यात चुटकी परत आली, या वेळी वेळीअवेळी, लयीबाहेर. सुट्टीला आलेल्या भाच्याने मामाच्या प्रेमापोटी ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देणारं एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. त्याने एकोणीस ड्रायव्हर एका झटक्यात बदलले. तेव्हा ती वही कामाला आली. जुने आकडे समोर असल्याने ग्राफिक्सचा आकडा एकटाच फुगलाय हे लगेच दिसलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुना ड्रायव्हर परत आणणारं रोल बॅक ड्रायव्हर दाबलं आणि वीस मिनिटांत प्रकरण मिटलं. भाच्याला काही बोललो नाही, ते सॉफ्टवेअर मात्र काढलं.

बहिणीच्या लॅपटॉपवरही चालवून पाहिला. तिथे एसीपीआय डॉट सिस वर होती. लॅपटॉपमध्ये बॅटरीची विचारपूस त्या वाटेने होते, आणि डिव्हाइस मॅनेजरमधली कंट्रोल मेथड बॅटरी डिसेबल केली की आकडा उतरतो. तिच्याकडेही उतरला. मात्र मग चार्ज किती उरलाय ते दिसत नाही, म्हणून रेकॉर्डिंगपुरतं बंद करून नंतर आठवणीने चालू करायला सांगितलंय. ती विसरणार, हे नक्की.

काही खाचाखोचा. लेटन्सीमॉन लावून जेवायला जाऊ नका. संगणक झोपेत जाऊन उठला तर आकडा भलताच चढतो आणि रात्रभर झोप लागत नाही. हार्ड पेजफॉल्टचा (हवी ती माहिती मेमरीत नसल्याने डिस्कवरून आणावी लागण्याचा) मोठा आकडा पाहून दचकू नका, नवे प्रोग्राम उघडताना तो वाढणारच. नापास केल्यावर बायोस अपडेट करा, सीपीयूचं थ्रॉटलिंग (वेग आपोआप कमी होणं) बंद करा, असा साचेबंद सल्ला तो देतो. बायोसला अगदी शेवटी हात लावा. जुन्या लोकांकडून थेसिकॉनच्या डीपीसी लेटन्सी चेकरचं नाव ऐकाल. विंडोज ७ पर्यंत तो छान होता. विंडोज ८ पासून तो १००० मायक्रोसेकंदांच्या आसपास सपाट पट्टी काढत बसतो, ती खरी धरू नका.

आणि हे सगळं करण्याआधी एक तपासणी, जी मी नशिबाने सुरुवातीलाच केली होती. ऑनलाइन वर्गात आवाज तुटतो म्हणून तक्रार आली, तर आपल्याच संगणकावर साठवलेली फाइल ऐका. तिच्यात चट् नसेल, तर लेटन्सीमॉन उघडूच नका. दोष बहुतेक नेटचा आहे आणि त्याबद्दल हा बिचारा काही सांगू शकत नाही.