सूटकेसवाला रेकॉर्ड प्लेअर : एक उन्हाळा आणि एक भांडण झाल्यानंतर

इंग्लिश गायक डेव्हिड बोवीची 1975ची ‘स्पेस ऑडिटी’ उलटी करून लावली, की दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं संपायच्या आत माझा प्लेअर थांबतो. बिघडला म्हणून नाही. ते फीचर आहे म्हणे. ऑटो-स्टॉप. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, मी वाचून खूश होऊनच घेतला होता.

ज्यांना हे खोकं माहीत आहे त्यांना तीन स्पीड, ब्लूटूथ, आतलेच दोन स्पीकर आणि हँडल वगैरे सांगत बसत नाही. सणाच्या सवलतीत सात हजारांच्या आत पडला. कंपनीचं नाव देत नाही, कारण झाकण उघडून पाहिलं तर या किमतीतल्या बहुतेकांच्या पोटात तेच मशीन असतं. रंग वेगळा, स्टिकर वेगळा.

आता मी तो कशासाठी घेतला ते. एलपी, म्हणजे अख्ख्या अल्बमची मोठी तबकडी, ऐकायला नव्हे. एलपीची गाणी फोनवर आहेत, सीडीवर आहेत. मला हव्या होत्या सात इंची तबकड्या, म्हणजे सिंगल्स, पुढे मुख्य गाणं आणि पाठीमागे दुसरं, ते बी-साइड. त्यातही बोवी बोवी व्हायच्या आधीची पडलेली गाणी आणि नंतरच्या सिंगल्सच्या बी-साइड. कॉलेजात ‘लेट्स डान्स’ची कॅसेट घासून घासून संपवली, तिथून मागे मागे जात 1964ला पोचले. सतरा वर्षांचा पोरगा, लेबलवर नाव ‘डेव्ही जोन्स विथ द किंग बीज’, गाणं ‘लायझा जेन’. आपटलं. पुढच्या वर्षी ‘मॅनिश बॉइज’बरोबर ‘आय पिटी द फूल’. तेही आपटलं, पण त्याच्या पाठीमागे आहे ‘टेक माय टिप’. बोवीनं स्वतः लिहिलेलं आणि तबकडीवर आलेलं पहिलं गाणं हे, आणि ते बी-साइड आहे! पुढे मंकीज या बँडमध्ये गेलेल्या दुसऱ्या डेव्ही जोन्समुळे नाव बदलावं लागलं आणि जानेवारी 1966च्या ‘कान्ट हेल्प थिंकिंग अबाउट मी’वर पहिल्यांदा ‘डेव्हिड बोवी’ छापलं गेलं. तेही फारसं चाललं नाही.

या छंदाचा बाजारभाव उलटा चालतो, हे नव्यानं शिरणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं. जे गाणं गाजलं त्याच्या तबकड्या ढिगानं निघाल्या, म्हणून ती आज स्वस्त. जे पडलं ते कुणी घेतलंच नाही, म्हणून ते आज सोन्याच्या भावात. मूळ ‘लायझा जेन’च्या किमतीत इथे बऱ्यापैकी स्कूटर येते, आणि तिच्या नकलाही फिरतात. मी ती घेणार नाही. डेक्का या रेकॉर्ड कंपनीनं 1978 साली तीच तबकडी पुन्हा काढली होती, ती घेतली. ‘टेक माय टिप’साठीही तसंच. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीनं 1979 साली त्या काळातली चार गाणी एकाच सात इंचीवर काढली, म्हणजे दोन दुर्मिळ सिंगल्स एका टपालखर्चात. टपालखर्च हा या छंदातला खरा राक्षस आहे. इंग्लंडमधून येणारी तबकडी पाच-सहाशेची आणि तिचं टपाल त्याहून जास्त, म्हणून विक्रेत्याकडून तीन-चार एकदम निवडल्याशिवाय मी मागवतच नाही. मूळ छापाचा हट्ट धरणाऱ्यांना माझा नमस्कार, त्यांचं कपाट वेगळं आणि पगारही वेगळा.

तर ती 1975ची तबकडी. आरसीए या रेकॉर्ड कंपनीनं ‘स्पेस ऑडिटी’ पुन्हा काढली, दोन गाण्यांच्या किमतीत तीन गाणी. ब्रिटनमध्ये बोवीचं पहिलं एक नंबरचं गाणं म्हणजे हीच पुन्हा काढलेली आवृत्ती. त्यामुळे मुबलक आणि स्वस्त. आणि पाठीमागे ‘चेंजेस’च्या मागोमाग ‘वेल्व्हेट गोल्डमाइन’, 1971 सालचं रेकॉर्डिंग, तोवर कुठेच न आलेलं. एका बाजूला दोन गाणी कोंबल्यावर रेघा लेबलच्या अगदी जवळपर्यंत जातात. त्या गाण्याच्या शेवटाला जे गुणगुणणं आहे, शिट्टी आहे, ते सगळं या आतल्या रेघांत. आणि नेमकं तिथे, खट्. थाळी थांबते, आवाज रडत रडत खाली जातो, घरात शांतता. जवळजवळ पाऊण मिनिट खाल्लं जातं.

नवरा म्हणाला, “तुझा तो बोवी अर्ध्यातच पळून राहिला.” मुलानं फोनवर तेच गाणं लावून शेवट ऐकवला, जणू माझी अडचण सुटली.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिकडची मुलगी नम्र होती, पण तिच्यासमोरच्या कागदावर ‘ऑटो-स्टॉप चालत नाही’ अशी तक्रार होती, ‘ऑटो-स्टॉप फार चालतं’ अशी नव्हती. व्हिडिओ पाठवा म्हणाली. पाठवला. उत्तर आलं, मॅडम, फीचर व्यवस्थित काम करत आहे. मग मी चिडले. इतक्यांदा फोन केला की शेवटी एक तंत्रज्ञ घरी आला, सोबत त्याची टेस्टची तबकडी, जुन्या हिंदी गाण्यांची एलपी. लावली. शेवटपर्यंत वाजली आणि मग थांबली. “बघा मॅडम.” मी म्हटलं, माझी लावा. लावली. खट्. तो म्हणाला, “ही रेकॉर्ड जुनी आहे ना.” संध्याकाळी मेसेज, आपल्या तक्रारीचं निवारण झाले आहे, कृपया आम्हाला रेटिंग द्या.

या टप्प्यावर मी इथे एक तारा देऊन मोकळी झाले असते. पण वॉरंटी संपेपर्यंत थांबले आणि मग खोकं उचलून नागपुरातच सीताबर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांत गेले. तिथे टीव्ही-अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक काका बसतात, पूर्वी चेंजर, म्हणजे तबकड्या आपोआप बदलणारे जुने प्लेअर, दुरुस्त करायचे. त्यांनी तबकडी लावून पाहिली, आर्म (सुईचा दांडा) हातानं आत सरकवला, खट् ऐकलं आणि हसले. “ताई, खराब नाही झालं हे. याले जेवढं सांगतलं तेवढंच करून राहिलं.”

मग त्यांनी जे दाखवलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नाही, म्हणून सविस्तर लिहिते. चांगल्या जुन्या चेंजरमध्ये आर्म शेवटच्या मोकळ्या रेघेत एकदम वेगानं आत धावतो, आणि तो वेग ओळखून यंत्र थांबतं. या खोक्यात तसं काही नाही. आर्मखाली एक पत्तीचं बटण आहे. आर्म ठरावीक जागी पोचला की बटण दाबलं जातं, मग तिथे गाणं असो की नसो. घरी येऊन मी तबकड्यांचे व्यास मोजले. एलपीवरचं संगीत साधारण 120 मिलिमीटरच्या वर्तुळाच्या बाहेरच संपतं आणि सुई शेवटी 106च्या आसपास फिरत राहते. सात इंचीवर मात्र गाणं 108पर्यंत आत जाऊ शकतं आणि सुई थांबते 98ला. या कंपनीनं बटण बसवलंय 120 आणि 108च्या मध्ये, 115च्या आसपास. एलपीला उत्तम. साध्या छोट्या गाण्याच्या सिंगललाही चालून जातं, कारण रेघा तिथवर जातच नाहीत. मरतं कोण, तर लांब बी-साइड. म्हणजे जगात या फीचरचा त्रास ज्यांना व्हावा असे लोक मोजकेच, आणि त्यांतली मी.

काकांनी बारीक चिमट्यानं ती पत्ती मागे वाकवली. मजुरी इतकी कमी घेतली की सांगायची लाज वाटते. आता ‘वेल्व्हेट गोल्डमाइन’ शिट्टीसकट पूर्ण वाजतं. पहिल्यांदा ऐकताना मी शेवटी उगाचच दबा धरून बसले होते.

पण हिशोब इथे मिटत नाही. पत्ती आता 106च्याही आत गेली, त्यामुळे एलपीला ऑटो-स्टॉपच उरला नाही. एलपी संपली की सुई शेवटच्या वर्तुळात खरखर करत फिरत राहते, उठून उचलावी लागते. दोन्ही प्रकार चालवायचे तर बटण 106 आणि 108च्या मधोमध हवं, आणि हातानं वाकवलेल्या पत्तीकडून तेवढी नेमकी जागा मिळणं कठीण. मुळात एक छोटा स्विच दिला असता, ऑटो-स्टॉप चालू किंवा बंद, तर हे पुराण झालंच नसतं. काही मॉडेलांना तो खाली असतो. घेण्याआधी खोकं उलटं करून तो आहे का ते पाहाच. बाकी ब्लूटूथबिथूथ नंतर.

दुसरी गोष्ट वेगाची. माझा नग 45वर, म्हणजे सात इंचीच्या मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगावर, जरा जोरात पळत होता. ओळखायचा स्वस्त उपाय म्हणजे रेघांची कागदी चकती छापून थाळीवर ठेवायची आणि जुनी चोकवाली ट्यूबलाइट लावायची. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, म्हणून 45च्या वेगाला 133 रेघांचं वर्तुळ जवळजवळ स्थिर दिसलं पाहिजे. एलईडीखाली बहुधा हे जमत नाही. आमच्या घरी चोकवाली ट्यूब फक्त मोरीत उरली होती, त्यामुळे ही तपासणी तिथेच, थाळी बादलीवर फळी टाकून. रेघा पुढे सरकत होत्या. मोटारच्या बुडाशी एक भोक आहे, त्यात बारीक पेचकस घालून किंचित फिरवलं की वेग उतरतो. ‘द लाफिंग नोम’ मात्र वेग तपासायला अजिबात वापरू नका. 1967च्या त्या गाण्यात बुटक्याचे आवाज बोवी आणि रेकॉर्डिंग इंजिनिअर गस डजन यांनी मुद्दाम टेप पळवून काढलेत. यंत्र बरोबर आहे की चूक, हे ते गाणं कधीच सांगत नाही. (1973ला पुन्हा निघाल्यावर ते ब्रिटनमध्ये सहा नंबरपर्यंत गेलं. म्हणून स्वस्त. घेऊन टाका, मुलं खूश होतात.)

आवाजाबद्दल थोडक्यात. आतले स्पीकर पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखे. पाठीमागच्या आउटपुटमधून बाहेरचे स्पीकर जोडा, नाहीतर घेऊ नका. सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला तुकडा) तबकडीवर पाच ग्रॅमच्या आसपास दाब देते, चांगल्या मॅग्नेटिकला दोन ग्रॅम पुरतात. त्यावरून लोक घाबरवतात. महाग तबकडी असेल तर घाबराच. माझ्या तबकड्या आधीच कुणाच्या तरी पार्ट्यांत तुडवून निघाल्यात. जिथे आवाजात फार फरक पडेल असं वाटलं होतं तिथे पडला नाही. साठच्या दशकातली सिंगल्स बहुतेक मोनो, मधल्या पट्ट्यात भरलेली, छोट्या रेडिओवर छान वाटावीत म्हणून केलेली. त्यांना हे खोकं मानवतं.

खरा आनंद मिळाला 1969च्या मूळ ‘स्पेस ऑडिटी’च्या पाठीमागे. ती तबकडी मैत्रिणीच्या भावानं लंडनहून हातात आणून दिली, नाहीतर मी एवढे पैसे मोजले नसते. ‘वाइल्ड आइड बॉय फ्रॉम फ्रीक्लाउड’ अल्बममध्ये मोठ्या वाद्यवृंदासकट आहे, ते ऐकून ऐकून मला वाटायचं गाणंच जड आहे. बी-साइडवर तेच गाणं फक्त गिटार आणि पॉल बकमास्टरनं गजानं वाजवलेल्या एका तंतुवाद्यावर आहे. गाणारा पोरगा एकदम जवळ बसलेला. तेही लांब आहे, तेही पत्ती वाकवायच्या आधी शेवटी कापलं जात होतं. त्या काळात मी या यंत्राला जेवढ्या शिव्या दिल्या त्या मी परत घेत नाही, पण पत्ती वाकल्यावर मोजायचे तारे वेगळे.

नागपूरकरांसाठी वेगळं लिहायला हवं. मे महिन्यात तबकडी मागवू नका. विनाइल वितळत नाही, पण साठ-सत्तर अंशांना मऊ पडतं, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यांत तापलेल्या नऊ दिवसांत, उन्हात उभ्या डिलिव्हरीच्या गाडीतला खोका काय सोसतो ते मला बोवीच्या ‘रबर बँड’ या तबकडीनं दाखवलं. ती आता बशीसारखी आहे. तिची बी-साइड ‘द लंडन बॉईज’ लावली की सुई डोलते. विक्रेत्यानं पैसे परत दिले नाहीत, त्याचा दोषही नव्हता. तबकड्या गच्चीखालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात नकोत, तळमजल्यावर भिंतीला लागून उभ्या, आडव्या नाही. आणि कूलर. त्याची थरथर फरशीतून टेबलात आणि टेबलातून सुईत येते. उन्हाळ्यात शांत बी-साइड ऐकायची तर आधी कूलर बंद करायचा, मग घामाघूम होऊन ‘कॉन्व्हर्सेशन पीस’ ऐकायचं. (ते मी सीडीवर ऐकते. मूळ तबकडी ‘द प्रेटिएस्ट स्टार’च्या पाठीमागे आहे, गिटारवर मार्क बोलन, आणि तीही आपटली. तिची किंमत तुम्ही ओळखलीच असेल.)

घ्यावा का? एलपी ऐकणाऱ्यांनी थोडे आणखी पैसे जमवून ऑटो-स्टॉप नसलेलं नीट टर्नटेबल घ्यावं. गंमत अशी, की ही ‘सोय’ नसलेलं यंत्र तिप्पट महाग आहे. माझ्यासारखं पडलेल्या गाण्यांच्या स्वस्त छापांमागे लागलेल्यांनी घ्यावा, पत्ती वाकवून देणारं कुणी ओळखीचं असेल तर. सर्व्हिसला शून्य. यंत्राला आधी दोन देणार होते, आता साडेतीन.

सुई बदलायला आली आहे. ती लाल प्लास्टिकची साधी सुई ऑनलाइन कुठेही मिळते, दोनाचं पाकीट घेतलं तर एकीच्याच पैशात पडतं. कंपनीची ‘ओरिजिनल’ मागवू नका, मी मागवून पाहिली, तीच आहे.