गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला मुलांचा कॅम्प: नियम कडक, पण संडासच्या वाटेवर लाइट नाही

हा रिव्ह्यू पालकांसाठी आहे. मुलांचं काय, त्यांना चिखल आणि दोस्त मिळाले की कुठलाही कॅम्प भारीच असतो. माझ्या मुलाला दमा आहे त्यामुळे ॲक्टिव्हिटींची यादी मी नंतर वाचली, आधी हेल्थ फॉर्म वाचला. फॉर्म खरंच विचार करून केलेला होता. ॲलर्जी, चालू गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी, झोपेत चालतो का, पोहता येतं का, आणि येत असेल तर कुठे शिकला आणि सलग किती पोहतो. शेवटचा प्रश्न फार बरा वाटला, कारण आमच्याकडे नदीकाठच्या प्रत्येक पोराला पोहता येतं असं त्याची आजी छातीठोक सांगते.

एका नियमावरून मात्र खटका उडाला. सगळी औषधं नाव आणि डोस लिहून ऑफिसात जमा करायची, पोरांकडे काही ठेवायचं नाही. गोळ्यांसाठी बरोबर आहे, पण इनहेलर पण जमा? दम लागल्यावर मूल कुळागर (सुपारी-नारळाची बाग) ओलांडून ऑफिसात जाणार, कुलूप उघडेपर्यंत थांबणार? मी सरळ सांगितलं, एक इनहेलर त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये राहणार, दुसरा ऑफिसात ठेवा आणि त्याच्या तंबूतल्या ताईला स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) कसा लावतात ते माझ्यासमोर करून दाखवू दे. वाद न घालता ऐकलं आणि लगेच नियम बदलला, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं.

किचनला पैकीच्या पैकी. बॅचमधल्या एका मुलीला काजूची ॲलर्जी, आणि मे महिन्यात सत्तरीत काजू टाळायचा म्हणजे काय ते गोंयकाराला सांगायला नको. मेनूत बिब्ब्यांची, म्हणजे ओल्या काजूगरांची उसळ होती ती सरळ कॅन्सल करून चवळीचं तोंडाक (रस्सा उसळ) केलं. स्वयंपाकाच्या मावशी त्या मुलीला चेहऱ्याने ओळखत होत्या, बाहेरून आलेल्या खाऊचे डबे पण त्यांनीच बाजूला काढले. दुपारचं शीत (भात) रात्री नाही, पाणी उकळलेलं, आणि ताटावर बसण्याआधी हात साबणाने धुतलेत का ते बघायला एक दादा उभाच.

आता गोचड्या. त्यांच्या चावण्यातून होणारा माकडताप सत्तरीत 2015 पासून माहीत आहे, काजू गोळा करायला रानात जाणाऱ्यांना जास्त धोका, आणि डिसेंबर ते मे हाच त्याचा सीझन, म्हणजे नेमका कॅम्पचा पण. म्हणून रानात जाताना फुल पँट, पँटची टोकं मोज्यांत खोचलेली, मोजे पांढरे म्हणजे गोचीड चटकन दिसते, अंगाला औषध लावलेलं, पाचोळ्यात बसायचं नाही. परत आल्यावर कपडे वेगळ्या पिशवीत, गरम पाण्याची आंघोळ आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे तपासणी, मुलींची ताईंनी आणि मुलांची दादांनी, कायम दोघं मिळून. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, मोठ्यांना सांगायचं. घरी आल्यावर पुढचे पंधरा दिवस ताप आला तर डॉक्टरला रानात गेल्याचं आवर्जून सांगा असा कागद पण दिला, हे मी आजवर कुठल्या कॅम्पमध्ये बघितलं नव्हतं.

पाण्याचं सांगते. म्हादई नदीत उतरायला मिळालं ते गुडघाभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, जोडीजोडीने, शिट्टी वाजली की जोडीदाराचा हात वर. पोरं वैतागली, माझा तर घरी येऊन दोन दिवस फुगलेला. फुगू दे. दर पावसात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पाणी भरलेल्या खाणींत आणि धबधब्यांवर पोरं कशी बुडतात ते पेपरात वाचतोच ना आपण.

आता खटकलेलं. पहिल्या दिवशी सोडायला गेले तेव्हा दोन तंबू चक्क माडाखाली. वर नारळ लटकतायत आणि खाली पोरं झोपणार! बोलल्यावर संध्याकाळपर्यंत हलवले, पण हे सांगायला आईबाप लागावेत का? दुसरं, दुपारी सापांचं सेशन, छान होतं म्हणे, नाग मण्यार घोणस फुरसं ओळखायला शिकवलं, चावल्यावर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय न हलवता थेट हॉस्पिटल. आणि त्याच रात्री संडासला जायची वाट पूर्ण काळोखात! बॅटरी प्रत्येकाने आणायची असं यादीत होतं, पण अर्ध्या पोरांच्या बॅटऱ्या पहिल्याच रात्री भुतं भुतं खेळून संपल्या. चार बल्ब लावायला किती खर्च येतो हो?

तिसरं शेवटच्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. ट्रेकवरून आलेल्या पोरांसाठी एक दादा अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओआरएसचं अख्खं मोठं पाकीट ओतत होता. त्यावर स्पष्ट लिहिलंय एक लिटर पाणी. दाट केलं म्हणजे जास्त ताकद येते असं नसतं, मीठ जास्त जातं आणि उलट त्रास होतो. मनाने चांगला पोरगा, पण फर्स्ट एडचं ट्रेनिंग सगळ्या व्हॉलंटियर्सना हवं, फक्त हेडला असून भागत नाही.

बाकी गडगडाट ऐकू आला की सगळे पक्क्या इमारतीत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही, हे पाळलं. गाडी आणि ड्रायव्हर रात्रभर जागेवर, 108 (ॲम्ब्युलन्स) आणि 1098 (चाइल्डलाइन) हे नंबर बोर्डावर मोठ्या अक्षरांत. जिओला रेंज नाही, ऑफिसच्या लँडलाइनवरून मूल कधीही घरी फोन करू शकतं, माझ्याने एकदाही केला नाही ती गोष्ट वेगळी.

पाचातले चार स्टार. धाकटीला पुढच्या मे मध्ये पाठवायचा विचार आहे, बुकिंगआधी वाटेवरच्या दिव्यांचा फोटो मागवणार. तुम्ही पाठवणार असाल तर बॅटरीचे जादा सेल, पांढऱ्या मोज्यांचे भरपूर जोड आणि दम्याचं मूल असेल तर दोन इनहेलर द्या.