महाराजा क्लब : गुण जमवावेत का?

प्रवाशांना गुण देणाऱ्या आणि जमलेल्या गुणांवर तिकीट काढू देणाऱ्या एअर इंडियाच्या ‘फ्लाइंग रिटर्न्स’ योजनेत 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा विमान कंपनीच्या विलीनीकरणाबरोबर तिच्या ‘क्लब विस्तारा’ योजनेचे सभासदही सामावले गेले आणि ‘फ्लाइंग रिटर्न्स’चे नाव ‘महाराजा क्लब’ झाले. सभासदत्व विनामूल्य असल्याने ते घेण्यात तोटा काहीच नाही. प्रश्न आहे तो गुणांसाठी प्रवासाची आखणी बदलण्याचा.

2024 पासून येथे गुण अंतरावर नव्हे, तर तिकिटावर केलेल्या खर्चावर मिळतात. त्यामुळे स्वस्त तिकीट शोधून वर्षातून एकदा मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या आईवडिलांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. शिवाय गुणांवर काढलेल्या तिकिटाचे कर रोखीनेच भरावे लागतात, हे ‘मोफत तिकीट’ म्हणणारे सहसा सांगत नाहीत.

खरा लाभ कंपनीच्या खर्चाने सतत फिरणाऱ्यांचा आहे. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात असल्यामुळे गोल्ड श्रेणीच्या सभासदाला लुफ्थान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सने जातानाही विमानतळावरचा विश्रामकक्ष आणि जादा सामानाची सवलत मिळते, आणि लांबच्या प्रवासात या सोयीचे मोल मला गुणांहून कितीतरी अधिक वाटते.

गुण मात्र साठवून ठेवू नयेत. 2012 मध्ये किंगफिशरची विमाने थांबली, 2019 मध्ये जेट एअरवेजची. दोन्ही वेळा वर्षानुवर्षे निष्ठेने गुण जमवणाऱ्या प्रवाशांचीच मोठी निराशा झाली. पुरेसे गुण जमताच तिकीट काढावे, आणि केवळ गुणांपायी महागडे विमान कधीही निवडू नये.