आकाशात दिसलेलं ते काय होतं? फ्रान्सच्या गेपानची साइट, माझ्याकडून ४.५/५

यूएफओ म्हटलं की यूट्यूबवर नुसता आरडाओरडा असतो, त्याला कंटाळलेल्यांनी ही साइट बघाच. गेपान म्हणजे फ्रान्सच्या अवकाश संस्थेचा तुलूझमधला छोटासा विभाग, १९७७ पासून चालू आहे (मधे नाव दोनदा बदललं), आणि लोकांना आकाशात काही विचित्र दिसलं की त्याची रीतसर चौकशी करणं हे त्यांचं कामच. २००७ पासून फाइली सगळ्यांसाठी खुल्या केल्यात, तेही फुकट.

त्यांचा प्रश्नांचा फॉर्मच बघा, किती बारकाईने विचारतात! कुठल्या दिशेला दिसलं, क्षितिजापासून किती वर, हात लांब करून फुटपट्टी धरली असती तर केवढं भरलं असतं, चित्र काढून द्या. मग हे लोक विमानं, ग्रह, वारा, सॅटेलाइट सगळं ताडून बघतात आणि वर्ग देतात. ए म्हणजे नक्की कळलं, बी म्हणजे बहुतेक कळलं, सी म्हणजे माहितीच अपुरी, डी म्हणजे नीट तपास करूनही उलगडा नाही. डी साधारण ३ टक्केच आहेत. मला सगळ्यात आवडला तो सी वर्ग, कारण माहिती कमी पडणं वेगळं आणि उलगडा न होणं वेगळं, आपल्या गप्पांमध्ये ह्या दोन्हीची सर्रास खिचडी होते.

त्रान्स-आं-प्रोव्हान्स गावाची केस तर वाचाच. ८ जानेवारी १९८१, एक माणूस घराजवळ काम करत होता, शिट्टीसारखा आवाज आला, काहीतरी खाली उतरलं आणि थोड्याच वेळात निघून गेलं, जमिनीवर गोल खूण राहिली. पोलिसांनी जबाब घेतला, मातीचे नमुने घेतले, आणि तिथे उगवलेल्या जंगली लसूणघासाची पानंसुद्धा तपासायला पाठवली! खुणेजवळच्या पानांत हरितद्रव्य कमी सापडलं. ती खूण गाडीच्या टायरची असेल असंही म्हणणारे आहेत, वाद अजून मिटलेला नाही, पण निदान वाद घालायला हातात काहीतरी ठोस आहे.

५ नोव्हेंबर १९९० ची केस वाचताना मात्र मला थेट आपला विदर्भ आठवला. त्या संध्याकाळी फ्रान्सभर लोकांनी दिव्यांची रांग सरकताना पाहिली, कित्येकांना एकच अवाढव्य यान वाटलं, निघाला सोव्हिएत प्रोटॉन रॉकेटचा वातावरणात परत येऊन जळणारा भाग. २०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री आपल्याकडे डिट्टो हेच दिसलं होतं ना, आणि मग सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला ती मोठी धातूची रिंग सापडली, इस्रोची टीम येऊन बघून गेली, चिनी रॉकेटचा तुकडा असल्याचं पुढे आलं. त्या रात्री किती जणांनी काय काय पाहिलं, कुठून, किती वेळ, हे सगळं असं एका जागी मराठीत वाचायला मिळालं पाहिजे, आपल्याकडे असा कायमचा विभाग हवाच हवा.

अर्धा मार्क कापला तो भाषेसाठी. केस रिपोर्ट फ्रेंचमध्ये आहेत, ब्राउझरचं भाषांतर बऱ्यापैकी चालतं पण जुने टाइप केलेले कागद स्कॅन करून टाकलेत, तिथे त्याचा उपयोग नाही. लॅपटॉपवरच बघा, आणि एकदम डी वर उड्या मारू नका, आधी ए आणि बी च्या फाइली वाचा, उडते कंदील आणि रॉकेटचे तुकडे माणसाला कसे दिसतात ते डोक्यात बसलं की डी च्या फाइली वाचायला खरी मजा येते.