एएसएम हेडर सापडत नाहीत: मल्टिलिब, सिमलिंक की फ्लॅग?

उबुंटू किंवा डेबियनच्या ६४-बिट इंटेल-एएमडी मशीनवर अपग्रेडनंतर 'जीसीसी -एम३२' ला (म्हणजे ३२-बिट बिल्डला) एएसएम/एरनो.एच ही हेडर फाइल मिळत नाही, किंवा क्लँग हा कंपायलर बीपीएफ (कर्नलमध्ये चालणारे छोटे प्रोग्राम) बिल्डमध्ये एएसएम/टाइप्स.एच वर अडतो. फायली बहुधा जागेवरच असतात. /यूएसआर/इन्क्लुड/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू/एएसएम उघडून पाहा. साधा ६४-बिट बिल्ड तिथे शोधतो, हे दोघे शोधत नाहीत. त्यांना /यूएसआर/इन्क्लुड/एएसएम ही सिमलिंक (त्या मूळ फोल्डरकडे नेणारी खूण) लागते आणि ती जीसीसी-मल्टिलिब पॅकेजातून येते. पॅकेज निघालं की लिंकही गेली. मूळ फोल्डरच नसेल तर मात्र लिनक्स-लिबसी-डेव्ह हे कर्नलच्या हेडरांचं पॅकेज रीइन्स्टॉल करा, काम तिथेच संपेल.

३२-बिट बिल्ड हवा असेल तर जीसीसी-मल्टिलिबच घ्या. हाताने केलेली लिंक एएसएमची चूक घालवते, पण लिंकिंगला ३२-बिट लिबजीसीसी (जीसीसीची मदतनीस लायब्ररी) लागतेच, ती लिंकमधून येत नाही. अडचण एकच: हे पॅकेज एआरएमच्या क्रॉस कंपायलरसोबत (या मशीनवर बसून एआरएमसाठी बिल्ड करणारा कंपायलर) नांदत नाही. एक टाकलं की एपीटी दुसरं काढतो, आणि लिंक गायब होण्याचं हेही एक नेहमीचं कारण आहे. आधी 'एपीटी -एस' ने (नुसती रंगीत तालीम, बदल नाही) काय निघणार ते वाचा. ३२-बिट आणि एआरएम दोन्ही हवे असतील तर मल्टिलिबऐवजी जीसीसी-आय६८६-लिनक्स-जीएनयू बसवा. त्याचे हेडर वेगळ्या जागी राहतात.

फक्त बीपीएफ असेल तर फ्लॅग पुरे. -आयडिरआफ्टर ने वरचा एक्स८६_६४ चा मार्ग द्या. तो शोधयादीत शेवटी जातो, इतर हेडरांवर कुरघोडी करत नाही. सीपाथ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल टाळा, कारण तो एआरएमच्या बिल्डलाही एक्स८६ चे हेडर पुरवतो.

सिमलिंक तात्पुरती चालेल, मात्र एक्स८६_६४ च्या एएसएमकडेच. ती एएसएम-जेनेरिक या सर्वसाधारण हेडरांच्या फोल्डरकडे वळवण्याचा सल्ला सर्रास मिळतो, तो धोकादायक आहे. तिथे राइट या सिस्टम कॉलचा (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) क्रमांक ६४ आहे, ३२-बिट एक्स८६ वर ४. कोड कंपाइल होतो आणि सिस्कॉल फंक्शनने राइट मागितलं की चालतं गेटपीपीआयडी (पालक प्रोसेसचा क्रमांक देणारा कॉल), कारण ३२-बिट एक्स८६ वर ६४ त्याचा.

फोल्डर कॉपी तर करूच नका. डीपीकेजी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) खऱ्या फोल्डरच्या जागी सिमलिंक बसवत नाही, त्यामुळे पुढे मल्टिलिब टाकलं तरी जुनी प्रतच राहते: ६४-बिट बिल्ड नवे हेडर वाचतो, -एम३२ जुने.